तुरुंगाच्या दारातला जंगली गुलाब

नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’ या १८५० सालच्या कादंबरीचे पहिले प्रकरण जेमतेम दीड-दोन पानांचे आहे आणि त्यात एकही पात्र बोलत नाही. सतराव्या शतकातल्या बॉस्टनमधील तुरुंगाचे लोखंडी खिळे ठोकलेले ओकचे दार, त्याच्यापुढे माजलेले तण आणि उंबऱ्याशी जून महिन्यात फुललेले जंगली गुलाबाचे झुडूप, एवढेच त्यात येते. दार म्हणजे पाप आणि शिक्षा, गुलाब म्हणजे निसर्गाची करुणा, असे उत्तर मी विद्यार्थिदशेत लिहिले होते आणि त्याला बरे गुणही मिळाले होते. अलीकडे पुन्हा वाचताना मात्र माझी नजर त्या तणावर अडली. गुलाब आणि तण एकाच मातीत वाढतात, आणि हॉथॉर्न तर तुरुंगालाच सुधारलेल्या समाजाचे काळे फूल म्हणतो. म्हणजे वनस्पतिसृष्टीतून त्याने पापाला वगळलेलेच नाही.

कथा अनेकांना ठाऊक असेल. नवऱ्याच्या गैरहजेरीत मूल झालेल्या हेस्टर प्रिनला प्युरिटन या कर्मठ ख्रिस्ती पंथाचे न्यायाधीश छातीवर ‘ए’ (‘अॅडल्टरी’, म्हणजे व्यभिचार) हे लाल अक्षर जन्मभर वागवण्याची शिक्षा देतात. मुलीचा बाप, तरुण धर्मोपदेशक आर्थर डिम्सडेल, गप्प राहतो. आणि परतलेला नवरा रॉजर चिलिंगवर्थ हे खोटे नाव घेऊन, वैद्य म्हणून आजारी डिम्सडेल राहतो त्याच घरात मुक्काम ठोकतो.

एके दिवशी हा वैद्य काळपट, लिबलिबीत पानांची झुडपे घेऊन येतो. ती एका बेनाम थडग्यावर उगवलेली असतात. आत पुरलेल्या माणसाने जे गुपित जिवंतपणी सांगितले नाही, तेच त्याच्या काळजातून असे वर आले असावे, हे त्याचे म्हणणे. आपण म्हणतो ना, पापाला वाचा फुटते, तेच हे. डिम्सडेल ते तत्काळ खोडून काढतो, कारण तसे खोडून काढण्यातच त्याची सोय आहे. आणि चिलिंगवर्थला रोग्याचा कबुलीजबाब हवा असल्यामुळे त्याचीही सोय नेमकी उलट बाजूला आहे. झुडूप साक्ष देत नाही. दोघेही त्याला आपापल्या बाजूचा साक्षीदार करू पाहतात. माझ्या मते या कादंबरीत निसर्ग पापाच्या विरुद्ध उभा नाही. त्याला पाप हा शब्दच ठाऊक नाही, आणि माणसांना नेमके तेच सोसत नाही.

अरण्यातली प्रकरणे या दृष्टीने पुन्हा वाचावीत. गावकऱ्यांच्या लेखी अरण्य हे सैतानाच्या वावराचे ठिकाण; पण सात वर्षांनी हेस्टर आणि डिम्सडेल मोकळेपणाने बोलतात ते तिथेच. हेस्टर अक्षर काढून फेकते, डोक्यावरची टोपी काढून केस मोकळे सोडते, आणि इतका वेळ तिला टाळणारे ऊन एकदम रानभर पसरते. इथे थांबले तर निसर्गाने क्षमा केली असे वाटेल, परंतु हॉथॉर्न लगेच बजावतो की हा निसर्ग रानटी आणि धर्म न जाणणारा आहे, मानवी कायद्याने तो कधी वाकलेला नाही. शिवाय ते अक्षर ओढ्याच्या पाण्यात पडतच नाही, वीतभर अलीकडे काठावर पडते. आपण तुरुंगाच्या दारातल्या गुलाबावरून खुडून आणल्या गेलो असे सांगणारी, रानातच रमणारी हेस्टरची मुलगी पर्ल ओढा ओलांडायला साफ नकार देते. ते अक्षर हेस्टरने स्वतः उचलून पुन्हा छातीवर लावेपर्यंत ती पलीकडेच उभी राहते.

उल्केचा प्रसंगही असाच. रात्री आकाशात उजेड पडतो आणि डिम्सडेलला त्यात ‘ए’ दिसतो. हा दोष त्याच्या अपराधी नजरेचा, असे निवेदक म्हणतो. दुसऱ्या दिवशी चर्चचा सेवक त्याच अक्षराचा अर्थ ‘एंजल’ असा लावतो, कारण त्याच रात्री गव्हर्नर विन्थ्रॉप वारलेले असतात.

पर्ल मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळी आहे, आणि तिच्यामुळे माझे हे म्हणणे थोडे डळमळते. समुद्रकिनारी खेळताना ती पाणगवताचा हिरवा ‘ए’ करून आपल्या छातीवर लावते. आई हे अक्षर का वागवते ते तुला कळते का, असे हेस्टर विचारते, तेव्हा धर्मोपदेशक काळजावर हात ठेवतो त्याच कारणासाठी, असे ती सहज सांगून जाते. ते कारण तिला सांगता येत नाही, पण दोन गोष्टींचा संबंध तिने जोडलेला असतो. पुढे ती पुन्हा पुन्हा अक्षराचा अर्थ विचारते, तेव्हा हेस्टर म्हणते की त्यावरचा सोनेरी धागा मला आवडतो म्हणून. सात वर्षांत त्या अक्षराबाबत ती प्रथमच खोटे बोलते.