पावसात हिरवा, दिवाळीनंतर पिवळा

मे महिन्यात कोथरूडच्या एका सोसायटीतून फोन आला. "अनंताचं झाड मरायला टेकलंय. ते काढून तिथे दोन फॉक्सटेल पाम लावून द्या." पाम लावणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम, खड्डा, खत, आधाराच्या काठ्या आणि बिल. पण झाड बघितल्याशिवाय मी ते काढत नाही, म्हणून गेले.

तिथे पूर्वी बंगला होता. रीडेव्हलपमेंटमध्ये तो पडला आणि त्या जागी सात मजले उभे राहिले. मूळ मालकीणबाई आता दुसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्या सासूबाईंनी राजापूरहून आणलेला अनंत बिल्डरने त्यांच्या हट्टापायी जागेवर ठेवला होता. पुरुषभर उंचीचा, कुंपणाच्या भिंतीलगत. कळ्या भरपूर, पण सुपारीएवढ्या होऊन गळत होत्या. पानं पिवळी, शेंड्याकडची तर जवळजवळ पांढरी.

यावर आधीच बरेच उपचार झाले होते. कोणी युरिया दिला होता, एका सल्लागाराने डीएपी, म्हणजे नत्र-स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत. पिवळं पान दिसलं की खत ओता, ही सवय आपल्याकडे फार खोल मुरली आहे. पिवळेपणा कोणत्या पानावर आहे, हे कोणी बघतच नाही. नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानांतलं नत्र काढून नव्या पानांना देतं, त्यामुळे खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह असं हलवता येत नाही. ते कमी पडलं की कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या उरतात, जाळी काढल्यासारख्या. इथे नेमकं तेच होतं. आणि डीएपीतल्या स्फुरदामुळे मुळांना लोह घेणं आणखीच अवघड जातं. म्हणजे औषधानेच दुखणं वाढवलेलं.

झाडाला पाणी कोण घालतं, हा माझा नेहमीचा पहिला प्रश्न. सेक्रेटरी म्हणाले, "ड्रिप आहे, टायमरवर." मी बागेत झाडू मारणाऱ्या माळीमामांकडे वळले. बंगला होता तेव्हापासून ते इथे आहेत.

"ताई, पावसाळ्यात हा हिरवागार होतो बघा," मामा म्हणाले. "दिवाळी झाली की परत पिवळा. दर वर्षाला हेच. आधी असं नव्हतं, तवा नळाचं पाणी होतं. आता बोअरचं."

या एका वाक्यात सगळं निदान होतं. ते त्यांनी आधीही सांगितलं होतं, कोणी थांबून ऐकलं नव्हतं. याचा मला अजून राग आहे. सल्लागाराच्या भेटीचे पैसे द्यायला कमिटी तयार, पण जो माणूस रोज त्या झाडापाशी उभा असतो त्याला कोणी काही विचारत नाही.

ड्रिपच्या तोट्यांभोवती पांढरी कड धरली होती. वाफ्यात खुरपं घातलं तर वीतभर खोलीपर्यंत प्लास्टरचे तुकडे, सिमेंटचे गोळे, विटांचा चुरा. इमारत झाल्यावर राडारोडा तिथेच पसरून वर दोन बोटं लाल माती अंथरली होती, दिसायला छान. खालची चिमूटभर माती बशीत घेऊन तिच्यावर व्हिनेगर टाकलं. सोडा टाकल्यासारखी फसफसली, म्हणजे मातीत चुना. सामू (पीएच) आठच्या वर निघाला, म्हणजे माती अल्कधर्मी. अनंताला साडेपाच-सहाच्या आसपासची, आम्लधर्मी माती लागते. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत ती आयती मिळते. इथे मातीत लोह असूनही ते मुळांना मिळेना, आणि बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात रोज भर घालत होते. पाऊस पडला की ते थोडे धुऊन जायचे, म्हणून चार महिने हिरवा.

सेक्रेटरींचा विश्वास बसेना. मग लिटरभर पाण्यात चमचाभर हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) आणि साबणाचा एक थेंब घातला, आणि एका फांदीच्या पानांवर ब्रशने फक्त अर्ध्या भागाला ते पाणी लावलं. फांदीला लाल दोरा बांधला आणि मामांना लक्ष ठेवायला सांगितलं. आठवड्याने त्यांचा फोटो आला. पानाची डावी बाजू हिरवी, उजवी पिवळीच. इतका स्वच्छ पुरावा आमच्या कामात क्वचित मिळतो. पाम रद्द झाले.

हिराकस अशा मातीत टाकून मात्र उपयोग नसतो. गंजल्यासारखा तांबूस डाग पडतो आणि लोह तिथेच अडकतं. दुकानदार 'चिलेटेड आयर्न', म्हणजे दुसऱ्या रसायनाने धरून ठेवलेलं लोह, म्हणून जे हातात देतात, ते बहुतेक ईडीटीएवालं. सामू साडेसहाच्या वर गेला की ईडीटीए लोहाला सोडायला लागतं. इथे लोह धरून ठेवणारं ईडीडीएचएवालंच हवं. ते महाग आहे, पाण्यात कालवलं की बिटाच्या रसासारखं लालभडक दिसतं. तेच मुळाशी दिलं. पहिल्या सरी पडल्यावर झाडाच्या अर्ध्याच बाजूचा राडारोडा हाताने काढला. अनंताची बारीक मुळं वरच असतात, कुदळ चालवली तर आहे तेही जातं. तिथे लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि थोडी गंधकाची भुकटी भरली. दुसरी बाजू पुढच्या पावसाळ्यात. जुलैत दोन गुट्याही बांधल्या, म्हणजे फांदीलाच मुळं फुटवून नवी रोपं करायला. मालकीणबाई आजी म्हणाल्या, "एक राजापूरच्या घरी पाठव गं. तिकडे त्याला कुणी औषधं देणार नाही."

आता नवी पानं गडद हिरवी आहेत आणि कमिटी खूश आहे. मी नाही. पावसात तो तसाही हिरवा होतोच, मामांनीच सांगितलं होतं. लोहाचं काम किती आणि पावसाचं किती, हे दिवाळीनंतर कळेल. शिवाय भिंत सिमेंटची, पाणी बोअरचं. हे जोवर आहे तोवर सामू पुन्हा चढत राहणार. सिमेंटच्या कुशीत अनंत औषधांवर जगवत ठेवणं योग्य आहे का, हेही मला अजून ठरवता आलेलं नाही. आजींसमोर तो प्रश्न मी काढलेला नाही.

कोटेशनमध्ये मी तीन गोष्टी लिहून दिल्या आहेत. या वाफ्याचं ड्रिप बंद करायचं. गच्चीचं पावसाचं पाणी दोन पिंपांत साठवायचं, आणि ते संपलं की नळाचं द्यायचं. पाणी मामांनीच हाताने घालायचं, आणि त्याचे त्यांना वेगळे पैसे द्यायचे. पहिल्या दोन गोष्टी मंजूर झाल्या. तिसरीवर कमिटीची चर्चा चालू आहे.