आलीच आहेस तर...

इथे इंग्लंडात एकदा थांब्यावरच्या पाटीवर बस रद्द झाल्याचं झळकलं, तेव्हा तिथे मी आणि शेजारच्या आजी दोघीच. त्या म्हणाल्या, "वी माइट ॲज वेल वॉक." ठाण्याला नौपाड्यातल्या शाळेत पाठ केलेलं इंग्रजी कामाला लागलं: माइट म्हणजे कदाचित, ॲज वेल म्हणजे सुद्धा. कदाचितच ना, मग थांबू की! तोवर आजी कोपऱ्यावर पोचल्या होत्या.

तीन हात नाक्याला रिक्षा हलेनाशी झाली की "त्यापेक्षा चालत गेलेलं बरं" म्हणून आपण उतरतो, तेवढाच याचा अर्थ. बरं काही हाताशी नाही, तर हे करू. हौस नाही, चिडचिडही नाही. इथल्या पावसाला शोभेलसं.

कळलं म्हटल्यावर मी ते जिथे तिथे वापरायला लागले. ऑफिसातल्या एकीने जेवायला बोलावलं. मी ऐटीत म्हणाले, "आय माइट ॲज वेल कम." तिचा चेहरा पडला. नंतर दुसरीने समजावलं, याचा अर्थ 'दुसरं काही करण्यासारखं नाही, म्हणून येते' असा झाला. आमंत्रणाला हे उत्तर म्हणजे अपमानच!

मला अजून ते पटत नाही. राम मारुती रोडवरच्या मावशीला मी शंभरदा म्हटलंय, "येते, घरी बसून तरी काय करू?" ती कधी रागावली नाही, उलट कुकरमध्ये वाटीभर तांदूळ जास्त. आता तिला मी लहानपणापासून माहीत आहे, हे खरं. पण चूक सगळी माझीच कशी?

यांचीच एक म्हण आहे: फाशी जायचंच तर कोकरासाठी कशाला, मेंढीसाठी जावं. त्यातही हेच माइट ॲज वेल. इंग्लंडात १८३२ पर्यंत मेंढी चोरल्याबद्दल खरंच फाशी होऊ शकायची. आपण डाएट मोडल्यावर मिसळीपाठोपाठ जिलबी मागवतो, ते यापेक्षा किती सुसंस्कृत. आणि आपल्याला तीन शब्दही लागत नाहीत, एका 'च'मध्ये काम होतं. आलोच आहोत तर. मोडलंच आहे तर.

जेवायला गेलेच. माफी मागितली, वर नारळाच्या वड्या नेल्या. दहा वाजता मी घड्याळ पाहिलं. बस अर्ध्या तासाने होती. ती किटली लावत म्हणाली, "यू माइट ॲज वेल हॅव अनदर कप."

तिने ते कुठल्या सुरात म्हटलं, मला सांगता येणार नाही. मी मावशीच्या सुरात ऐकलं आणि कप पुढे केला.