तुम्ही विचारलंत म्हणून: वाटाघाटीला बाई बसली तर काय फरक पडतो?

व्याख्यान संपून चहा आला की कुणीतरी विचारतंच, ‘मॅडम, बाई बसली म्हणून युद्ध थांबतंय व्हय?’

नाही थांबत. बायका जात्याच शांतताप्रिय असतात, हे माझ्या तोंडी घालू नका. कोल्हापुरात कावळा नाक्यावर ताराराणींच्या पुतळ्याला रोज वळसा घालणाऱ्यांनी तर नकोच. शांततेच्या वाटाघाटींत बायकांनाही जागा द्या, असं सांगणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या १३२५ क्रमांकाच्या ठरावाबद्दल (ऑक्टोबर २०००) माझं म्हणणं एवढंच, की बाई नसली तर काही प्रश्न विचारायचेच राहतात.

रवांडाचा खटला घ्या. ज्याँ-पॉल अकायेसू हा ताबा कम्यूनचा प्रमुख, म्हणजे आपल्याकडच्या नगराध्यक्षासारखा. १९९४ च्या तुत्सी जमातीच्या हत्याकांडाबद्दल टांझानियातल्या अरुशा इथे संयुक्त राष्ट्रांच्या न्यायाधिकरणात त्याच्यावर खटला उभा राहिला, तेव्हा आरोपपत्रात कलमं १२ आणि त्यांत बलात्काराचं एकही नाही. जानेवारी १९९७ मध्ये ‘जे’ या अक्षराने नोंदलेली साक्षीदार खुनाबद्दल सांगता सांगता बोलून गेली, की तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर तिघांनी बलात्कार केला. जबाब घेणाऱ्यांनी तिला हे विचारलंच नव्हतं. तीन न्यायाधीशांत दक्षिण आफ्रिकेतल्या वकील नवी पिल्ले या एकट्याच बाई. खंडपीठाने पुढे खोदून विचारलं, तेव्हा कम्यूनच्या कचेरीतही मुलींवर बलात्कार झाल्याचं या साक्षीदाराच्या कानावर आलं होतं, हे बाहेर पडलं. मग दुसरी साक्षीदार बोलली. जूनमध्ये आरोपपत्र दुरुस्त होऊन कलमं १५ झाली. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालाने बलात्कार हासुद्धा वंशसंहाराचा मार्ग असू शकतो, हे पहिल्यांदा ठरवलं.

निर्वासितांच्या छावणीतही हेच. मदतकार्याचे स्फिअर निकष म्हणतात, २० माणसांमागे एक संडास, बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट, दाराला आतून कडी. आखणी करताना बायकांना विचारलं नाही, तर संडास पार टोकाला जातात, दिवा राहून जातो आणि अंधार पडल्यावर बायका पाणी पिणंच कमी करतात. २०१९ च्या महापुरात शाळेत मुक्काम पडलेल्या शिरोळकरांना हे मी काय सांगणार!

आता तुमच्या बाजूनेही बोलते. त्या निकालावर दोन पुरुषांच्याही सह्या आहेत. पिल्लेंनी बाई म्हणून लावून धरलं की मुरलेल्या वकील म्हणून, हे मलाही छातीठोक सांगता येत नाही. आणि १३२५ धाब्यावर बसवला म्हणून कुणाला दंड होत नाही, हेही खरंच. लायबेरियात २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत महिला पोलिसांची अख्खी तुकडी पाठवली आपण, पण या ठरावाचा राष्ट्रीय कृती आराखडा २०११ मध्ये काढला नेपाळने. आपला कुठे आहे, हे मात्र चहाच्या वेळी कुणी विचारत नाही.