तुम्ही विचारलंत म्हणून: इंटरफेस काढू की ॲबस्ट्रॅक्ट क्लास?

कोड रिव्ह्यू असो, मुलाखत असो, की कुणी नवं माणूस टीममध्ये आलेलं असो, हा प्रश्न येतोच: "इथे इंटरफेस काढू की ॲबस्ट्रॅक्ट क्लास? आणि पॅटर्न कुठला बसेल?" तुम्हीही विचारलंत, म्हणून या वेळी सविस्तर लिहितो. (इंटरफेस म्हणजे क्लासमध्ये कुठल्या मेथड, म्हणजे क्रिया, हव्यात याची मुख्यतः यादी. ॲबस्ट्रॅक्ट क्लास म्हणजे ज्याचा थेट ऑब्जेक्ट बनत नाही, वारसा घेऊनच वापरायचा असा अर्धवट क्लास. पॅटर्न म्हणजे नेहमीच्या अडचणीवरची ठरलेली रचना.)

मुलाखतीपुरतं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. जावा या प्रोग्रामिंग भाषेत एका क्लासला बाप (ज्याचा वारसा घेतो तो क्लास) एकच, इंटरफेस मात्र हवे तितके. ॲबस्ट्रॅक्ट क्लासमध्ये ऑब्जेक्टची स्वतःची फील्ड (साठवलेली मूल्यं) ठेवता येतात, कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) लिहिता येतो. इंटरफेसमध्ये हे जमत नाही. हे बरोबर आहे, पण एवढ्यावर निर्णय होत नाही. म्हणून मी उलट विचारतो: हे वापरणारा कोण आहे, आणि त्याला काय करता येऊ नये?

दुसऱ्या अर्ध्या प्रश्नावर लोक थबकतात, आणि माझ्या मते सगळं तिथेच आहे. एकदा देऊन टाकलेली मेथड परत घेता येत नाही. कुठेतरी कुणीतरी ती वापरायला लागलेलं असतं.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत आहे. तिथला स्टॅक हा क्लास व्हेक्टर या यादीच्या क्लासपासून इनहेरिट केलेला, म्हणजे त्याचा वारसा घेतलेला आहे, अगदी पहिल्या आवृत्तीपासून. आता स्टॅकवर १, २, ३ असे आकडे पुश करा, म्हणजे एकावर एक ठेवा. पॉप केलं, म्हणजे वरचा काढला, की ३ यावा, मग २, मग १. स्टॅक म्हणजे एवढंच. पण त्याच ऑब्जेक्टवर ॲड(०, ९९) लिहून बघा. ९९ गुपचूप तळाशी जाऊन बसतो. कोड तपासून भाषांतर करणारा कंपायलर चकार शब्द काढत नाही, कारण व्हेक्टरला जे जे येतं ते सगळं स्टॅकला वारशात मिळालंय. मधलाच आकडा काढून टाकता येतो, कुठल्याही जागेवरचा बदलता येतो. स्टॅकचा जो एकमेव नियम, तो मोडायची हत्यारं स्टॅकनेच हातात दिली आहेत. आणि हे आता दुरुस्त करता येत नाही, कारण जुना कोड त्यावर उभा आहे. जावाचं डॉक्युमेंटेशनच सांगतं की याच्याऐवजी डेक वापरा. (डेकही दोन्ही टोकांनी उघडा असतो. खरा कडक स्टॅक हवा असेल, तर मी छोटा क्लास लिहितो: आत एक प्रायव्हेट ॲरेडेक (जावाचा तयार डेक) आणि बाहेर फक्त पुश, पॉप, इजएम्प्टी. दहा मिनिटांचं काम आहे.)

ऑब्झर्व्हर पॅटर्नचंही (एकात बदल झाला की इतरांना कळवणारा) तसंच झालं. जावाने तो सुरुवातीपासून तयार दिला होता, पण त्यातला ऑब्झर्व्हेबल, म्हणजे बदल कळवणारा भाग, हा क्लास होता. 'माझ्यात बदल झालाय' अशी खूण करणारी त्यातली मेथड प्रोटेक्टेड, म्हणजे तिला हात लावायचा तर इनहेरिट करण्यावाचून गत्यंतर नाही. तुमच्या क्लासला आधीच बाप असेल तर वाट बंद. २०१७ साली आलेल्या जावा ९ मध्ये तो डेप्रिकेट झाला, म्हणजे यापुढे वापरू नका असं जाहीर झालं. तेव्हा दिलेली कारणं वेगळी होती, सूचना कोणत्या क्रमाने जातील याची खात्री नाही वगैरे. मला मात्र नेहमी ठेच लागली ती या इनहेरिटन्सची.

मग सगळीकडे इंटरफेसच काढायचे का? तसंही नाही, कारण इंटरफेसही फुकट येत नाही. बाहेर दिलेल्या इंटरफेसमध्ये एक नवी मेथड घातली, की तो इम्प्लिमेंट करणारा (त्यातल्या मेथड प्रत्यक्ष लिहिणारा) प्रत्येक क्लास कंपाइल व्हायचा थांबतो. जावा ८ च्या वेळी, २०१४ साली, कलेक्शन या याद्या-संचांच्या इंटरफेसमध्ये स्ट्रीम ही मेथड घालायची होती, आणि जगभरच्या लोकांनी कलेक्शन आपापल्या परीने इम्प्लिमेंट केलेलं होतं. तो पेच सोडवायला भाषेतच डिफॉल्ट मेथड, म्हणजे इंटरफेसमध्येच तयार कोड असलेल्या मेथड, आणाव्या लागल्या.

माझी स्वतःची मोठी चूक एका रिपोर्टच्या इंटरफेसमध्ये झाली. तेव्हा इम्प्लिमेंटेशन एकच होतं, पानं पाडून छापण्याजोगी फाइल काढणारं. त्याच्याकडे बघत मी इंटरफेस लिहिला आणि त्यात ११ मेथड घातल्या: समास, शीर्षक, पानाचा आकार, सगळं. पुढे दुसरं इम्प्लिमेंटेशन आलं, स्वल्पविराम घालून साध्या ओळी लिहिणारं. त्याला ना पान ना समास. ११ पैकी ७ मेथडमध्ये फक्त एक्सेप्शन ('हे जमत नाही' अशी चूक) फेकलं जात होतं. मग वापरणाऱ्या कोडमध्ये 'हा ऑब्जेक्ट नेमका कुठल्या क्लासचा?' अशा तपासण्या उगवायला लागल्या. त्या दिसल्या तेव्हा कळलं, मी इंटरफेस लिहिलाच नव्हता, एका क्लासची नक्कल काढली होती.

तेव्हापासून मी आधी वापरणारा कोड लिहितो. त्याला काय लागतंय ते कागदावर येऊ देतो, आणि तेवढंच इंटरफेसमध्ये घालतो. दुसरं इम्प्लिमेंटेशन दिसत नसेल, तर साधा क्लास पुरतो. टेस्टसाठी इंटरफेस लागतो म्हणाल, तर घड्याळ, नेटवर्क, डेटाबेस यांच्यासाठी जरूर काढा. नुसता हिशोब करणाऱ्या क्लाससाठी कशाला?

आता पॅटर्नबद्दल. १९९४ साली चौघांनी मिळून लिहिलेल्या 'डिझाइन पॅटर्न्स' या प्रसिद्ध पुस्तकात २३ पॅटर्न आहेत, उदाहरणं सी प्लस प्लस आणि स्मॉलटॉकमधली. संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर्व्हिग यांनी १९९६ मध्ये दाखवलं होतं की लिस्पसारख्या डायनॅमिक (प्रकार प्रोग्राम चालताना तपासणाऱ्या) भाषांत त्यातले १६ एकतर दिसेनासे होतात किंवा बरेच सोपे होतात. जावामध्येही सॉर्ट करताना आपण कम्पॅरेटर (तुलना करणारा) म्हणून एक लॅम्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, देतो, तो स्ट्रॅटेजी पॅटर्नच असतो: कामाची पद्धत बाहेरून द्यायची. पूर्वी त्यासाठी अख्खा क्लास लिहायला लागायचा.

तरी ते पुस्तक मी आजही वाचायला सांगतो, ते त्यातल्या परिणामांच्या भागासाठी. लोक आकृती बघून कोडवर उडी मारतात, आणि किंमत लिहिलेली असते त्या भागात. व्हिजिटर पॅटर्न घ्या, त्यात क्रिया ऑब्जेक्टच्या क्लासबाहेर, वेगळ्या क्लासमध्ये ठेवतात. नवी क्रिया घालणं सोपं होतं, नवा प्रकार घालणं अवघड होतं, कारण प्रत्येक व्हिजिटर उघडून त्यात भर घालावी लागते. तेव्हा 'व्हिजिटर बसेल का?' असं विचारलंत की मी विचारणार: तुमच्याकडे वाढणार काय आहे, क्रिया की प्रकार? याचं उत्तर तुमच्या कामात असतं, माझ्याकडे नसतं.

तो रिपोर्टचा इंटरफेस पुढे मोडून लहान केला. आता त्यात तीनच मेथड आहेत: सुरू कर, ओळ लिही, बंद कर. मध्यंतरी एकाने चौथी मागितली, शीर्षकाची. आम्ही दोघांनी बसून वापरणारा कोड वाचला. शीर्षक एकाच ठिकाणी लागत होतं, छापायच्या फाइलला. ते तिच्या कन्स्ट्रक्टरमध्ये गेलं.