फेरफार, म्युटेशन आणि आमचं वारस प्रकरण

म्युटेशन हा शब्द माझ्या पोटापाण्याचा आहे. बारावीला जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे तो दरवर्षी फळ्यावर येतोच. मागच्या वर्षी मात्र तो थेट घरात शिरला, आणि तोही तलाठी कार्यालयाच्या वाटेनं. वडील गेले. माण तालुक्यातल्या जमिनीवर वारसांची नावं लावायची होती. दादाचा फोन आला, "फेरफार धरायला दिलाय." माझ्या मुलानं ऑनलाइन अर्ज उघडला आणि ओरडला, "आई, मामाची जमीन म्युटेट होतेय!"

हसू आलं, पण पोरगं चुकलं नव्हतं. महसूल खात्याच्या इंग्रजीत फेरफाराला म्युटेशनच म्हणतात. गोव्यात तर मराठी-कोंकणी बोलणारी माणसंही एक-चौदाच्या उताऱ्यावर (तिथला सातबारा) नाव चढवायला 'म्युटेशन घालतात'. मूळ लॅटिन 'म्युतारे', म्हणजे बदलणं. तो बदल चांगला की वाईट, याबद्दल त्या क्रियापदाचं काहीच म्हणणं नाही.

आपल्या 'फेरफार'चं तसं नाही. "हिशेबात फेरफार केला" असं वाचलं की पैसे कुणी खाल्ले हाच पुढचा प्रश्न. तोच शब्द तलाठ्याच्या दप्तरात गेला की सोवळा होतो: गाव नमुना 6, फेरफार नोंदवही. म्युटेशनच्या नशिबीही हेच आलं. मार्च 2021 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं महाराष्ट्रातल्या नमुन्यांमधले दोन बदल सांगितले आणि बातम्यांत 'डबल म्युटंट' सुरू झालं. जणू विषाणूनं दोन तलवारी उपसल्या. खरं तर त्याच्यात डझनभर बदल होते. चर्चा त्यातल्या दोनांचीच झाली. मे अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनं त्याच्या एका उपप्रकाराला डेल्टा नाव दिलं. पण तोवर माझ्या वर्गात म्युटेशन म्हणजे संकट हे पक्कं बसलं होतं, आणि ते अजून पुसता पुसत नाही. पाठ्यपुस्तकातला 'उत्परिवर्तन' हा शब्द बिचारा त्या मानानं निरुपद्रवी वाटतो, पण तो परीक्षेबाहेर कुणी उच्चारत नाही.

म्हणून मी सिकलसेलवर रेंगाळते. रक्तातल्या हिमोग्लोबिनचा भाग असलेल्या बीटा ग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलतं, जीएजीच्या जागी जीटीजी येतं. प्रथिनाच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, आणि प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. गडचिरोली, नंदुरबारकडच्या दवाखान्यांत हा आजार रोजचा आहे. आई आणि वडील दोघांकडून बदललेली प्रत आली तर आयुष्यभराचं दुखणं. एकाकडूनच आली तर माणूस सहसा धडधाकट राहतो, शिवाय गंभीर मलेरियापासून त्याला बरंच संरक्षण मिळतं. आता याला चांगलं म्हणायचं की वाईट? वर्गात या प्रश्नावर शांतता पसरते, आणि ती मला आवडते.

हा शब्द जीवशास्त्रात रुजवला तो डच वनस्पतिशास्त्रज्ञ ह्युगो द व्रीसनं. ॲमस्टरडॅमजवळ हिल्व्हरसमला, बटाट्याच्या एका पडीक शेतात 1886 मध्ये त्याला इव्हनिंग प्रिमरोझची वेगळीच झाडं दिसली. त्यांच्यावर वर्षानुवर्षं प्रयोग करून 1901 पासून त्यानं म्युटेशनचा सिद्धांत छापला. पुढे कळलं की त्या झाडांमधले बरेचसे बदल एकेका जनुकातले नव्हतेच, गुणसूत्रांच्या उलथापालथीतले होते. शब्द टिकला, उदाहरण बारगळलं. आणि पाहा, तोही पडीक शेतातूनच आला.

दादानं जुना हस्तलिखित सातबारा पाठवला तेव्हा मी तो जनुकासारखाच वाचायला बसले. जुनं नाव तिथं खोडत नाहीत, कंसात टाकतात. प्रत्येक नावाशेजारी वर्तुळात एक आकडा, तो फेरफार क्रमांक. त्या आकड्याचं बोट धरून मागं जात राहिलं की कोण कधी आलं आणि कुणाला कंस झाला ते समजतं. नवी नोंद झाली की नोटीस निघते, चावडीवर लागते, हरकतीला 15 दिवस असतात, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. लिहिताना चूक झाली असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली दुरुस्ती. पेशीतही अशी तपासणी होते, फार कडक. तरी प्रत्येक बाळात आईवडिलांत नसलेले साधारण 60 ते 70 नवे बदल निघतात.

एक फरक मात्र मोठा. फेरफार नोंदीनं मालकी मिळत नाही, ती महसुलापुरती असते, हे सर्वोच्च न्यायालयानं वारंवार सांगितलंय. हक्क आधी मिळतो, वहीत तो नंतर चढतो. पेशीत वहीच जमीन आहे. तिथं जे लिहिलं गेलं तेच खरं, वर अपील नाही.

आजोबांच्या नावाचा आकडा धरून मी तो जुना फेरफार काढायला लावला. दोन्ही आत्यांनी 'वर्दी जबाबावरून', म्हणजे नोंदलेल्या दस्ताशिवाय नुसत्या जबाबावर, हक्क सोडल्याचं त्यात होतं, खाली दोन अंगठे. धाकटी आत्या आहे अजून. तिला विचारलं तर म्हणाली, "बाई, कागद पुढं आला की बोट टेकवायचं. कशाचा कागद ते कोण इचारतंय?"

त्यामुळे "ताई, हक्कसोड कधी करून देतेस?" असं चुलत्यांनी सहज विचारलं तेव्हा मी सहज नाही म्हणाले. वडिलांच्या जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे, महाराष्ट्रात तर 1994 च्या कायद्यापासून. जमीन कोरडवाहू आहे, तिच्यावर कुणी गब्बर होणार नाही. पण कंस करायचाच असेल तर तो रीतसर नोंदलेल्या दस्तानं, विचार करून, माझ्या मर्जीनं. दादा काही दिवस तुटक बोलला. मग त्यानंच अर्जात चारही नावं भरली: आई, तो, मी आणि धाकटी. नोंद प्रमाणित झाली. सातबाऱ्याच्या इतर हक्कात विकास सोसायटीच्या कर्जाचा बोजा आहे, तोही आता चौघांचा. त्याचं हक्कसोड मात्र अजून कुणी मागितलेलं नाही.