अढीतला आंबा घरी तसा का पिकत नाही?

मे महिना कोकणात आजोळी काढलेली माणसं हटकून विचारतात, "मामाकडे अढीतला, म्हणजे पेंढ्यात घालून पिकवलेला हापूस आतपर्यंत केशरी असायचा. घरी पेटी आणली की अर्धे चिमतात, अर्धे कुजतात. असं का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

निम्मं उत्तर झाडावरच आहे. रत्नागिरी-देवगडकडे आंबा 'चौदा आणे', म्हणजे सोळातले चौदा, जवळजवळ पूर्ण तयार झाला की काढतात. देठाजवळचे खांदे वर येतात, देठ खळग्यात बसतो, सालीचा गडद हिरवा रंग निवळतो. शंका वाटली तर फळ बादलीभर पाण्यात सोडावं. तयार असेल तर बुडतं, कोवळं असेल तर तरंगतं. कोवळा आंबा कितीही दिवस पेंढ्यात ठेवा, सुरकुततो पण गोड होत नाही. झाडावर जास्त ठेवला तर हापुसात साका धरण्याची, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याची भीती. तो बाहेरून दिसत नाही आणि अढीत बराही होत नाही.

आंबा घळीने, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीने, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर देठ ठेवून उतरवायचा. देठ उपटला गेला की चीक ओघळून साल भाजते आणि कूज बहुधा तिथूनच सुरू होते. काढलेली फळं लगेच सावलीत आणायची. तापल्या कातळावर टोपली तासभर राहिली तरी नुकसान होतं.

आता अढी. जागा अंधारी, कोरडी, पण वारा खेळणारी. जमिनीवर भाताचा सुका पेंढा चार बोटं पसरायचा, त्यावर फळं एकमेकांना न दाबता एका थरात मांडायची आणि वर पुन्हा हलका पेंढा. फार तर दोन-तीन थर. आंबा पिकताना इथिलीन वायू सोडतो, त्याने शेजारची फळं पिकायला लागतात. पेंढा तो थोडा धरून ठेवतो, ऊब देतो आणि ओल शोषतो. घरची पेटी बिघडते ती हे शेवटचं, ओल शोषण्याचं काम होत नाही म्हणून. बंद खोका, धुतलेली फळं, प्लास्टिकची पिशवी, यांत ओल कोंडते आणि देठाकडून काळी कूज चढते. कच्चा आंबा फ्रिजमध्ये तर ठेवूच नये. त्या थंडीने पिकण्याची क्रियाच बिघडते.

आणि अढी रोज उलगडावी लागते. आजोळी हे काम मुलांकडे असायचं आणि ते बिनमहत्त्वाचं मुळीच नव्हतं. सकाळी प्रत्येक फळ हातात घ्यायचं, अंगठ्याने न दाबता देठाशी वास घ्यायचा आणि वाटण्या करायच्या: आजचे, उद्याचे, परत पेंढ्यात जाणारे. डागाळलेला एक राहिला तर दोन दिवसांत शेजारचे चार जातात. हापुसाला साधारण आठ ते बारा दिवस लागतात. रायवळ, म्हणजे गावठी आंबा, लवकर पिकतो, म्हणून त्याची अढी वेगळी.

रंगावर भरवसा ठेवू नका. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला भारतात बंदी आहे, तरी ते वापरलं जातं. साल पिवळीधमक होते, आत आंबटच. वास आला नाही तर थांबा.

आंबे एकदम पिकले आणि संपेनात तर साठं, म्हणजे रसाच्या वाळवलेल्या पोळ्या घाला. रस काढून तूप लावलेल्या ताटात पातळ पसरा आणि कडक उन्हात ठेवा. वरचा थर बोटाला चिकटेनासा झाल्यावरच दुसरा ओतायचा. घाई केली की आतला थर ओला राहतो आणि पावसाळ्यात साठाला बुरशी येते.