मायच्या छातीतल्या गाठी आणि जागलीची शेकोटी

मायचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, किमो झाली, शेक झाले, केसही परत आले होते, आणि ऐन कापसाच्या वेचणीत डॉक्टरांनी नागपूरला पेट स्कॅन, म्हणजे अंगातल्या शंकेच्या जागा चमकून दाखवणारी तपासणी, करायला सांगितला. रिपोर्ट हातात आला तेव्हा मी यवतमाळच्या गाडीत बसलो होतो, अर्धा समजला अर्धा नाही, पण छातीच्या मधोमध श्वासनळीच्या दोन्ही बाजूंच्या गाठी चमकतायत एवढं कळलं. घरी पोचायच्या आधीच काकाचा फोन, "पसरला म्हन्तेत नं?" आता ह्याला कोणी सांगितलं देव जाणे.

मायला विचारलं काही त्रास होतो का, खोकला, ताप, दम? "मले काई नाई होऊन राह्यलं, कापूस वेचाले बाया भेटून नाई राह्यल्या थे पाय आधी."

पुढच्या फेरीत डॉक्टर म्हणाले, पेटमध्ये चमकलं म्हणजे कॅन्सरच असं नसतं, तुकडा घेतल्याशिवाय मी किमो लिहिणार नाही. मग तोंडातून दुर्बीण घातली, तिच्या टोकाला सोनोग्राफी असते, श्वासनळीच्या आतूनच गाठीत सुई टोचून नमुना काढला. रिपोर्ट यायला पाच दिवस लागले, त्या पाच दिवसात मी जेवलो काय नि नाही काय. कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत, होता तो ग्रॅन्युलोमा.

म्हणजे काय, तर शरीराच्या राखणदार पेशी एकाला एक चिकटून गोळा करून बसतात. सार्कॉइडोसिस नावाच्या आजारात असे गोळे होतात, पण कॅन्सरच्या काही पेशंटना तो आजार नसतानाही, कॅन्सरच्या गाठीमुळे शरीर जागं झाल्यासारखे होतात, त्याला सार्कॉइडसारखी रिअॅक्शन म्हणतात. पेटमध्ये सुईतून देतात ती एक प्रकारची साखरच, कॅन्सर ती भरपूर खातो आणि ह्या राखणदार पेशीही खातात, म्हणून दोन्ही सारखेच चमकतात. मला तर आमची जागलच आठवली. रानडुकरांसाठी रात्री वावरात शेकोटी पेटवून बसतो ना आम्ही, लांब रोडवरून पाहणाऱ्याला वाटते कोणाची कडब्याची गंजी पेटली.

डेन्मार्कच्या ब्रिंकर नावाच्या डॉक्टरांनी 1986 मध्येच ह्याचा आढावा घेतला होता, कार्सिनोमात (स्तन, फुप्फुस असे नेहमीचे कॅन्सर) 4.4 टक्के आणि हॉजकिन लिम्फोमा ह्या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये 13.8 टक्के पेशंटमध्ये असे ग्रॅन्युलोमा सापडल्याचं त्यात आहे. म्हणजे अगदीच लाखात एक असलं काही नाही.

पण आपल्याकडे ग्रॅन्युलोमा म्हटलं की पहिले टीबी. तालुक्याच्या एका डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला न पाहिला, सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून मोकळे. त्यांचंही पूर्ण चुकत नव्हतं, आपल्याकडे टीबी आहेच इतका. मी गोळ्या घेऊनही आलो होतो, मग नागपूरला फोन लावला तर ते म्हणाले, थांबा, ह्या ग्रॅन्युलोमात टीबीत दिसतो तसा मेलेला चिजासारखा भाग नाही, सीबीनॅट ही टीबीच्या जंतूंची तपासणी निगेटिव्ह आहे, कल्चर, म्हणजे नमुन्यात जंतू वाढतात का ते पाहणं, येऊ द्या. कल्चर निगेटिव्ह म्हणायला 42 दिवस वाट पाहावी लागते. ते 42 दिवस पाकीट देवळीत तसंच पडून, रोज नजर जायची, द्याव्या का नाही. निगेटिव्ह आलं तेव्हा परत करायला गेलो तर मेडिकलवाल्याने घेतलं नाही, ते वेगळंच.

डॉक्टरांनी एक मात्र बजावलं, सुईत ग्रॅन्युलोमा आला म्हणून बाजूला कॅन्सर नसेलच असं नाही, दोन्ही सोबत राहू शकतात, म्हणून स्कॅन परत. तीन महिन्यांनी केला तर त्याच गाठी बारीक झालेल्या, विनाऔषधाच्या.

गाडीत मायला सांगितलं. ती खिडकीतून बाहेर पाहत होती. म्हणाली, "ह्यांचा हरभरा काढून झाला वाटते. आपला राह्यला." पुढचा स्कॅन सहा महिन्यांनी, फाईल बियाण्याच्या पिशवीत घालून खुंटीला टांगली आहे.